रोहितची कॅप्टन्सी गेली, जडेजाचा ट्रेड झाला. पण गंगाखेडच्या चाहत्याला कुणी विचारलं का?

१५ नोव्हेंबर २०२५. आयपीएलच्या संघांनी कुणाला ठेवलं आणि कुणाला सोडलं, हे जाहीर करायचा दिवस. त्या दिवशी सगळ्यात मोठी बातमी चेन्नईतून आली. रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानकडे गेले, बदल्यात संजू सॅमसन चेन्नईकडे आला.

हा तोच जडेजा, ज्याने २०२३ च्या फायनलमध्ये शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या असताना आधी सिक्स आणि मग फोर मारून चेन्नईला पाचवी ट्रॉफी मिळवून दिली. अडीच वर्षांत तो दुसऱ्या संघाच्या यादीत गेला.

असे निर्णय कंपनीच्या बंद खोलीत होतात. त्यावर वाद मात्र खोलीबाहेर होतो, थेट गोदाकाठच्या गंगाखेडपर्यंत. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, संत जनाबाईंचं जन्मगाव. इथून वानखेडे किंवा चेपॉक लांब आहे. मराठवाड्यात तर आयपीएलची एकही मॅच आजवर झालेली नाही. म्हणजे इथल्या चाहत्याचा आपल्या संघाशी संबंध येतो तो स्क्रीनवरूनच. तरी कॅप्टन बदलला की राग त्यालाही येतो.

या रागाचं पुढं काय होतं? मालकापर्यंत तो पोचतो का? आणि पोचला तर मालकाचं काही बिघडतं का?

ट्रेड म्हणजे नेमकं काय?

लिलावाबाहेर दोन संघांनी आपसात केलेली खेळाडूंची देवाणघेवाण म्हणजे ट्रेड. हंगाम संपल्यावर ठरावीक काळासाठी ही खिडकी उघडते.

ट्रेड दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे अदलाबदल. २००९ मध्ये श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूकडून मुंबईकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईकडून बंगळुरूला गेला, तो अशा सुरुवातीच्या ट्रेडपैकी एक. दुसरा प्रकार रोखीचा. एक संघ खेळाडू देतो, दुसरा पैसे मोजतो.

दोन्ही संघ तयार हवेत, बोर्डाची मंजुरी हवी आणि खेळाडूची संमतीही हवी. पण खेळाडूने स्वतः उठून दुसऱ्या संघाशी बोलणी केलेली चालत नाहीत. हे जडेजाइतकं कुणाला माहीत नसेल. राजस्थानकडे असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याच्या कारणावरून त्याला २०१० च्या पूर्ण हंगामासाठी बाहेर बसवण्यात आलं होतं. पंधरा वर्षांनी तो त्याच राजस्थानकडे परतला, या वेळी रीतसर.

पैशाचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. सॅमसन आपल्या १८ कोटींवरच चेन्नईला गेला. जडेजाचे १८ कोटी होते, ते राजस्थानकडे जाताना १४ कोटी झाले. करन २ कोटी ४० लाखांचा. म्हणजे राजस्थानने १८ कोटींचा एक खेळाडू देऊन १६ कोटी ४० लाखांत दोन घेतले. चेन्नईने मात्र पुढच्या काही वर्षांसाठी तरुण विकेटकीपर घेतला, कारण धोनीनंतर कोण, हा प्रश्न तिथे आहेच.

या यादीत संघ आले, बोर्ड आलं, खेळाडू आला. चाहता कुठेच नाही.

मुंबईत काय झालं होतं?

महाराष्ट्रातल्या चाहत्याला ट्रेड या शब्दाचा चटका बसला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये.

हार्दिक पंड्याला मुंबईनेच २०१५ मध्ये १० लाखांत घेतलं होतं. मुंबईकडून त्याने चार ट्रॉफ्या जिंकल्या. २०२२ मध्ये तो गुजरातचा कॅप्टन झाला आणि पहिल्याच वर्षी त्याने गुजरातला चॅम्पियन केलं. दुसऱ्या वर्षी फायनलपर्यंत नेलं.

२६ नोव्हेंबर २०२३ ला गुजरातच्या कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत हार्दिकचं नाव होतं. पण काही तासांतच चक्रं फिरली. मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला १७ कोटी ५० लाखांवर बंगळुरूकडे दिलं, त्यातून पर्समध्ये जागा झाली आणि १५ कोटींवर हार्दिक मुंबईत आला.

इथवर चाहत्यांची फारशी तक्रार नव्हती. घरचा पोरगा घरी आला, असंच वातावरण होतं. पण १५ डिसेंबरला मुंबईने हार्दिकला कॅप्टन जाहीर केलं. २०१३ पासून कॅप्टन असलेला आणि पाच ट्रॉफ्या जिंकून दिलेला रोहित शर्मा एका पत्रकाने साधा खेळाडू झाला. हा निर्णय क्रिकेटचा विचार करूनच घेतल्याचं प्रशिक्षक मार्क बाऊचर यांनी नंतर सांगितलं. चाहत्यांना ते पटलं नाही.

२०२४ च्या हंगामात हार्दिकची अहमदाबादमध्ये हुर्यो उडवली गेली, हैदराबादमध्येही. आणि १ एप्रिलला घरच्या वानखेडेवर टॉसच्या वेळी इतका गोंगाट झाला, की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. मुंबई १४ पैकी चारच मॅच जिंकली आणि दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिली.

आता गंमत बघा. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर हार्दिकनेच टाकली आणि भारत सात धावांनी जिंकला. कॅप्टन होता रोहित. ४ जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. हुर्यो उडवून तीन महिनेच झाले होते.

यावरून चाहते चंचल असतात, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण दुसरी बाजूही आहे. चाहत्यांचा राग निर्णयावर होता, आणि निर्णय घेणारे टॉसला मैदानात येत नाहीत. मैदानात येतो खेळाडू. म्हणून शिव्या त्यानेच खाल्ल्या.

राग मालकापर्यंत पोचतो का?

इथे पैशाची गोष्ट समजून घ्यावी लागते.

२०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. वर्षाला सरासरी साडेनऊ हजार कोटींच्या वर. यातला साधारण निम्मा वाटा बोर्ड ठेवतं आणि उरलेला दहा संघांत वाटला जातो. त्यातलाही बहुतेक भाग सगळ्यांना सारखाच मिळतो. ढोबळ हिशोबाने एका संघाला वर्षाला ४०० कोटींहून जास्त.

याच्याशेजारी आणखी दोन आकडे ठेवा. २०२६ च्या हंगामासाठी खेळाडूंवर एका संघाला जास्तीत जास्त १२५ कोटी खर्च करता येतात. आणि २०२५ मध्ये चॅम्पियन झालेल्या बंगळुरूला बक्षीस मिळालं २० कोटींचं.

थोडक्यात, संघ पहिला आला काय आणि दहावा आला काय, मालकाच्या मुख्य उत्पन्नात फार फरक पडत नाही. युरोपातल्या फुटबॉलसारखी खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची भीतीही इथे नाही. तिकीटविक्री आणि जर्सीवरच्या जाहिराती यांवर परिणाम होतो, पण पाया हलत नाही.

मुंबईच्या बाबतीत तर आणखी एक पदर आहे. संघ रिलायन्स समूहाचा. मॅच दिसते ती जिओहॉटस्टारवर, आणि नोव्हेंबर २०२४ च्या विलीनीकरणानंतर ती कंपनीही रिलायन्सच्याच ताब्यात आली. २०२३ आणि २०२४ मध्ये मोबाइलवर आयपीएल फुकट होती. २०२५ मध्ये त्यासाठी सबस्क्रिप्शन किंवा जिओचं २९९ रुपयांच्या वरचं रिचार्ज, अशी योजना आली.

म्हणजे गंगाखेडचा एखादा चाहता मुंबईवर चिडून चेन्नईची मॅच लावतो, तेव्हाही तो त्याच ॲपवर असतो. हार्दिक आउट व्हावा म्हणून मुंबईची मॅच बघतो, तेव्हाही प्रेक्षकांच्या आकड्यात भरच पडते. रागाने बघा किंवा प्रेमाने बघा, मीटर सारखंच पळतं.

याचा अर्थ मालक मुद्दाम संघ हरवतात, असा नाही. जिंकण्याची हौस, ब्रँडचं नाव आणि संघाची बाजारातली किंमत हे सगळं असतंच. मुंबईने २०२५ मध्ये सावरून क्वालिफायर-२ गाठली, तीही हार्दिकच्याच कॅप्टन्सीत. मुद्दा एवढाच, की एखाद्या संघाच्या चाहत्यांच्या रागाचा दाब मालकाच्या खिशापर्यंत पोचायला या रचनेत वाट फार अरुंद आहे.

मग खरा धोका कुठे आहे?

ट्रेडची चर्चा खूप होते, मालकीची कमी. पण चाहत्याचं मोठं नुकसान मालकीच्या निर्णयांनी होतं. याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

क्रिकेटच्या नकाशावर परभणी जिल्हा मुंबईत येत नाही. तो पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनखाली येतो. गंगाखेडचं एखादं पोरगं उद्या रणजी खेळलं तर बहुधा महाराष्ट्राकडून खेळेल, मुंबईकडून नाही. त्या अर्थाने इथला घरचा आयपीएल संघ पुण्याचा असायला हवा होता. तो होताही, आणि एकदा नाही, दोनदा.

२०१० मध्ये सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर मोजून पुण्याचा संघ घेतला. तोवरची ती सगळ्यात मोठी बोली होती. २०११ मध्ये पुणे वॉरियर्स मैदानात उतरली. पण फ्रँचायझी फीवरून बोर्डाशी वाद झाला, सहाराने मे २०१३ मध्ये माघार जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये बोर्डाने करारच रद्द केला. संघ संपला.

दुसरा संघ आला तो दुसऱ्यांच्या चुकीमुळे. बेटिंग प्रकरणात लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दोष संघाशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन आणि राज कुंद्रा यांच्यावर ठेवला गेला होता, शिक्षा मात्र चाहत्यांनाही झाली. त्या रिकाम्या जागी दोन वर्षांपुरता पुण्याचा नवा संघ आला, संजीव गोयंका यांच्या समूहाचा.

२०१७ मध्ये या संघाने धोनीला कॅप्टन्सीवरून काढून स्टीव्ह स्मिथला आणलं. रोहितच्या सहा-सात वर्षं आधीचाच हा प्रकार. २१ मे २०१७ ला हैदराबादमध्ये फायनल झाली आणि पुणे एका धावेने हरलं, तेही मुंबईकडून. ती पुण्याची शेवटची मॅच ठरली. पुढे गोयंका समूहाने २०२१ मध्ये ७,०९० कोटींची बोली लावून लखनौचा संघ घेतला. पुण्याच्या वाट्याला पुन्हा संघ आला नाही.

हार्दिक गेला, तो परत आला. पुणे गेलं, ते गेलंच.

२०२३ मध्ये असोसिएशनने स्वतःची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. तीत छत्रपती संभाजीनगरच्या नावाचा संघ आला, पण तेव्हा मॅचेस पुण्याजवळ गहुंजेलाच झाल्या. मराठवाड्याच्या चाहत्याचं स्टेडियम पुन्हा स्क्रीनच.

मालकीचे बदल आजही चालू आहेत. गुजरातचा संघ सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने ५,६२५ कोटींना घेतला होता. त्यातला ६७ टक्के हिस्सा २०२५ मध्ये टोरेंट समूहाकडे गेला. बंगळुरूने १८ वर्षांनी पहिली ट्रॉफी जिंकली आणि पाच महिन्यांत, ५ नोव्हेंबर २०२५ ला, त्यांच्या मालक कंपनीने या संघातल्या गुंतवणुकीचा फेरविचार करत असल्याचं शेअर बाजाराला कळवलं. शेअर असणाऱ्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. जर्सी घालणाऱ्याला कळवणं कुणावर बंधनकारक नाही.

चेन्नईत थोडं वेगळं चित्र आहे. तिथल्या संघाच्या कंपनीचे शेअर मूळ इंडिया सिमेंट्सच्या भागधारकांना मिळाले होते आणि बाजारात नोंद नसली तरी त्यांची खरेदी-विक्री चालते. पण दहा-वीस शेअर घेऊन जडेजाचा ट्रेड थांबवता येत नाही.

बाहेरच्या देशात चाहत्याला काही किंमत आहे का?

ट्रेडचं माहेरघर म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉल. तिथे बहुतेक खेळाडूंची संमतीही लागत नाही. करारात तसं कलम असेल किंवा खेळाडू पुरेसा जुना असेल, तरच त्याला नकार देता येतो.

बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने २०१८ मध्ये ट्रॉफी जिंकली, त्या वर्षी मुकी बेट्स त्यांचा सगळ्यात भारी खेळाडू होता. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला देऊन टाकलं. पैसे वाचवायला मालकाने हिरा विकला, अशी चाहत्यांची भावना झाली. बेट्सने डॉजर्सकडून त्याच वर्षी आणि पुढे २०२४, २०२५ मध्येही ट्रॉफी जिंकली.

ओकलंडचं दुखणं त्याहून मोठं होतं. मालक जॉन फिशर यांनी संघ लास व्हेगासला न्यायचं ठरवलं. चाहत्यांनी बहिष्कार टाकला तर मालक म्हणणार, बघा, प्रेक्षकच येत नाहीत. म्हणून त्यांनी उलटं केलं. १३ जून २०२३ ला ठरवून २७ हजारांहून जास्त लोक स्टेडियममध्ये आले आणि संघ विका, अशा घोषणा देत बसले. त्याच दिवशी लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी सरकारी पैसा देणारं विधेयक तिथल्या राज्याच्या सिनेटने मंजूर केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये संघाने ओकलंड सोडलं.

उलट उदाहरणंही आहेत. जर्मनीच्या फुटबॉलमध्ये काही अपवाद सोडले तर क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे असावीच लागतात. अमेरिकन फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ हजारो सामान्य भागधारकांचा आहे. त्यामुळे तो उठून दुसऱ्या शहरात जात नाही. तिथेही कुणाला खेळवायचं हे चाहते ठरवत नाहीत. पण संघ कुठे राहणार, हे एका माणसाच्या मनावर नसतं.

चाहत्याने ट्रेड कसा जोखायचा?

मत मिळत नसलं तरी मत बनवता येतं. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला, पैसे किती हलले? नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईने पालघरच्या शार्दूल ठाकूरला लखनौकडून २ कोटींत घेतलं. भारताकडून खेळलेला ऑलराउंडर या भावात मिळत असेल तर जोखीम कमी.

दुसरा, कोणती जागा भरली? नाव मोठं असून उपयोग नाही. संघात ज्याची उणीव आहे, तेच मिळालं का, हे बघायचं.

तिसरा, वय काय? जडेजा पस्तिशीच्या पुढचा, सॅमसन एकतिशीचा. भावना बाजूला ठेवली तर चेन्नईचा हिशोब इथे कळतो.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लपवलं काय? खेळाडूचा पगार पर्समधून जातो, म्हणून तो सगळ्यांना कळतो. पण रोखीच्या ट्रेडमध्ये एक संघ दुसऱ्याला जी ट्रान्स्फर फी देतो, ती पर्सच्या बाहेर असते आणि जाहीर होत नाही. हार्दिकसाठी मुंबईने गुजरातला किती मोजले, हे अधिकृतपणे कधीच सांगितलं गेलं नाही. सगळ्या संघांना खर्चाची समान मर्यादा असावी म्हणून पर्स आणली. मग ज्याचा खिसा मोठा त्याच्यासाठी मागचं दार उघडं का?

हार्दिक चांगला की रोहित, यावर वाद घालून मालकाचं काहीच अडत नाही. ट्रान्स्फर फी जाहीर करा, ही मागणी मात्र बोर्डाकडे करता येते आणि ती मुंबईच्या, चेन्नईच्या, गुजरातच्या अशा सगळ्याच चाहत्यांच्या फायद्याची आहे. स्टेडियममध्ये कॅप्टनची हुर्यो उडवायला वानखेडेवर जावं लागतं. हा प्रश्न विचारायला गंगाखेडहून कुठे जायची गरज नाही.